हमीदभाईंचा बगळा

विषय : नक्षीदार जुन्या बंदुका व त्यांचे शौकीन.
संदर्भ : जालना तहसील कचेरीतले शस्त्र परवान्याचे टेबल, सत्तरचे दशक.

उपरोक्त विषयी सादर की, या टेबलाचा कारकून मीच होतो. अर्ज पुढे जात, किस्से मागे राहत. फायली वाळवीने खाल्ल्या. किस्से तिला पचले नसावेत!

*

मस्तगडचे घड्याळवाले हमीदभाई. त्यांच्या बंदुकीच्या नळीवर चांदीची वेल होती. तपासणीत साहेबांनी विचारलं, "शेवटचा बार कधी काढला?"

"तौबा साहेब! वेल करपून जाईल ना!"

*

शहागडच्या पाटलांच्या बंदुकीवर हरणं कोरलेली. मी नवखा. वर्णनाच्या रकान्यात लिहिलं, 'बंदूक एक, हरणे दोन.'

पुढच्या वर्षी साहेब बदलले. नव्या साहेबांनी तपासणीत रकाना वाचला. "बंदूक मिळाली. हरणं हजर करा!"

पाटलांनी बंदूक उलटी धरली. "कुठं जात्यात साहेब? हितंच चरून राह्यलीत की!"

साहेबांनी मोजली, बराबर भरली, सही केली.

*

हमीदभाईंच्या दुसऱ्या बंदुकीवर बगळा होता, पाण्यात उभा, एक पाय उचललेला. चित्रकलेचे सोनवणे गुरुजी भिंग घेऊन त्याच्यासमोर तासन्‌तास बसत. दुकानातली सगळी घड्याळं तेवढा वेळ हळू चालत, असं हमीदभाई सांगत.

"गुरुजी, माझ्या मागं पोरं ही भंगारात घालतील. तुम्हीच न्या."

गुरुजींनी अर्ज केला. बंदूक बाळगण्याचे कारण : 'बघण्यासाठी.'

साहेबांचा शेरा : 'बघण्याची निकड स्पष्ट करावी.'

गुरुजींनी दोन पानं बगळ्यावर लिहिली. साहेबांनी ती वाचली, बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि अर्ज वर पाठवला.

*

निर्णय होईपर्यंत बंदूक पोलीस ठाण्यात जमा. तिथलं छप्पर गळकं. दर रविवारी गुरुजी वही घेऊन जात. आधी बगळ्याच्या पायाला गंज चढला, मग पंखाला.

"हवालदारसाहेब, थोडं तेल लावू द्या."

"जमा मालाला हात लावायचा परवाना पायजे, गुरुजी. बघा बिलकुल निवांत. बघायला न्हाई कोण म्हणतंय?"

गुरुजी बघत राहिले, चित्र काढत राहिले. वहीत दर पानावर बगळा थोडा वर सरकलेला असे.

एका रविवारी हवालदारानं रजिस्टर पुढं केलं. नवी नोंद होती : 'बंदूक एक. बगळा आढळून आला नाही.'

"कधी गेला?" गुरुजींनी विचारलं.

"मागल्या रविवारी तर हितंच व्हता."

गुरुजींनी वहीचं शेवटचं पान उघडलं. त्यावर नुसतं पाणी होतं.

अर्ज प्रलंबित आहे.