घासून काढलेला गडगा

पत्रकात मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘गडगा हाच आपला इतिहास’. आणि त्याच इतिहासाला मी दोन दिवस तारेच्या ब्रशनं घासत होते.

गडगा म्हणजे आमच्या जोयड्याकडचं दगडी कुंपण. माती नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड. अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतीच्या भातशेताभोवती तो आहे. आत शिरायला दोन उभे दगडी खांब. खांबांना भोकं, भोकांतून तीन बांबू सरकवायचे. झालं फाटक. शेत सरकारी रानाच्या हद्दीत येतं. ते नावावर व्हावं म्हणून अक्कानं अर्ज केलाय. पिढ्यान् पिढ्या इथंच असल्याचा कागद तिच्याकडे एकही नाही. गडगा तेवढा पुरावा.

मला वाटलं, पुरावा नीट दिसायला हवा. शेवाळ, वेली, पांढरे डाग, सगळं काढलं. ढासळलेला कोपरा रचला. कुजके बांबू फेकून नवे घातले. फोटो झकास आले, अर्जासोबत द्यायच्या पत्रकावर छापले.

मग अर्जाच्या पाहणीला वनखात्याचे साहेब आले. एक चक्कर मारली आणि गडग्याला टेकून म्हणाले, “हे तर नवीन काम दिसतंय.”

“नवं न्हाई ओ साहेब,” अक्का म्हणाली. “म्हातारं हाय. पोरीनं न्हाऊ घातलंय एवढंच.”

साहेब हसले. कागदावर मात्र ‘अलीकडचे’ लिहिलं. मी पत्रक पुढं केलं, तर म्हणाले, “यातही नवाच दिसतोय की.”

त्यांचा राग आला तो आलाच. जुनं ओळखायला शेवाळच लागतं? सिमेंटच्या कंपाउंडवर उद्घाटनाची पाटी बसते, तिच्यावरच्या तारखेवर सगळ्यांचा विश्वास. हे दगड ज्यांनी रचले त्यांच्यावर मात्र शंका. पण शेवाळ मीच काढलं होतं, हे कुणाला सांगू?

साहेब गेल्यावर मी बांबू परत सरकवायला लागले, तेव्हा भोकाकडं पहिल्यांदा नीट बघितलं. खालची कड झिजून गुळगुळीत झालेली, बांबू आपसूक तिथं बसतो. बांबूनं दगड झिजायला किती जणांची ये-जा झाली असेल? ब्रश घेऊन माझा हात त्यावरून दहादा गेला होता. पत्रकात त्याची एक ओळ नाही.

तिथंच बसून नवा अर्ज लिहायला घेतला: पुन्हा पाहणी करा, आणि खांबाच्या भोकात हात घालून बघा.

“लिहिशील गं,” अक्का म्हणाली. “आधी त्यो धोंडा वर ठेव.”

साहेब टेकले होते तिथला एक दगड खाली आला होता. पडलेला दगड दिसला की जाणाऱ्यानं उचलून ठेवायचा, ही इथली रीत. मी ठेवला. डुगडुगला. अक्कानं तो काढला, फिरवला, परत बसवला. हलला नाही.

“ब्रश तेवढा आणू नगंस आता,” ती म्हणाली.