हात मागे बांधून शिकवणारे काळबांडे सर

मनोहरराव काळबांडे सरांची आणि माझी पहिली भेट भांडणाची होती. पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात हे लिहावे की नाही, अशी मला शंका होती. सरांनाच विचारले, तर म्हणाले, लिहा की, त्यात खोटे काय आहे. म्हणून लिहितो.

मी बेसा वस्तीतल्या आमच्या वाचनालयाचा कार्यवाह. मागच्या खोलीत कुण्या देणगीदाराने दिलेले जुने संगणक धूळ खात पडले होते. संगणक जिच्यावर चालतो त्या विकतच्या प्रणालीची नवी आवृत्ती त्यांना पेलवत नव्हती आणि जुनी सुरू होईस्तोवर माणूस चहा पिऊन यायचा. मी भंगारवाल्याला बोलावले. तो एक संगणक उचलून दाराशी आला, तेवढ्यात पुस्तक बदलायला आलेले एक उंच, सडपातळ गृहस्थ त्याच्या वाटेत उभे राहिले. "ठेव गा खाली," ते त्याला म्हणाले. मला रागच आला. वाचनालय आमचे, आणि हे कोण आले मध्येच! मी तसे बोलूनही दाखवले. त्यांनी शांतपणे ओळख दिली. सावनेरच्या शाळेतून विज्ञान शिक्षक म्हणून निवृत्त, मुलाने बेसात घर बांधले म्हणून आता इकडे. एवढे सांगून त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

त्यात लिनक्सच्या घराण्यातली एक हलकी प्रणाली होती. जगभरातल्या लोकांनी मिळून तयार केलेली, कोणीही फुकट वापरावी, आत उघडून पाहावी, हवी तशी बदलावी, अशी. संगणकातले काहीही न पुसता सरांनी ती नुसती पेन ड्राइव्हवरून चालवून दाखवली. पडदा उजळला, खाली कोपऱ्यात मेनू आला आणि मेनूतले शब्द चक्क मराठीत. भंगारवाला माझ्याकडे पाहून म्हणाला, "चालून राहिलं ना साहेब, मंग काहून इकून राहिले?" मी त्याला चहा पाजून परत पाठवला.

पुढे सरांनी सगळ्या संगणकांवर ती प्रणाली टाकली आणि गुरुवारी दुपारी गृहिणी आणि वयस्क मंडळींसाठी वर्ग सुरू केला. आमच्या एका सदस्यांनी विकतच्या प्रणालीची चोरटी नक्कल आणून देण्याची तयारी दाखवली होती. सरांनी त्यांना विचारले, वाचनालयात चोरीची पुस्तके ठेवता का? विषय तिथेच संपला. मेनूतले काही शब्द मराठीत करण्याचे कामही सर घरी बसून करीत, आणि एकेका शब्दावरून माझ्याशी तासभर हुज्जत घालीत. ती हुज्जत मला आवडायची, हे मी त्यांना आजवर सांगितलेले नाही.

त्यांची शिकवण्याची एक रीत होती. शिकणाऱ्याच्या माऊसला ते कधी हात लावत नसत. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहत. कोणी चुकत असले, रडकुंडीला आले असले, तरी हात मागेच. मला बघवत नसे. दोन मिनिटांचे काम, करून टाका ना, असे वाटायचे. ते म्हणत, मी केले तर ते माझे होईल.

शोभाताई पापड-कुरड्यांचा घरगुती उद्योग चालवतात. पाकिटावर चिकटवायची नावाची चिठ्ठी आपली आपण तयार करावी, एवढ्यासाठी त्या वर्गाला आल्या. पहिल्याच दिवशी विचारू लागल्या, "सर, माह्या हातून बिघडलं त?"

सर म्हणाले, "बिघडलं त पुन्हा टाकू. पेन ड्राइव्ह खिशात आहे."

आणि एकदा बिघडलेच. त्यांच्या हातून पडद्याच्या तळाची अख्खी पट्टी, मेनूसकट, नाहीशी झाली. पुढच्या गुरुवारी शोभाताई आल्या नाहीत. सर उन्हात चालत त्यांच्या घरी गेले. संगणक तसाच ठेवला आहे, तुमची वाट पाहतो आहे, असे सांगून आले. त्या आल्या. सर हात मागे बांधून नुसते सांगत राहिले आणि शोभाताईंनी पट्टी परत आणली. त्या दिवसापासून त्यांनी वर्ग चुकवला नाही.

गेल्या वर्षी सरांना अर्धांगवायूचा झटका आला. रामदासपेठेतल्या दवाखान्यातून ते सावरून घरी आले, पण उजवा हात गेल्यासारखाच झाला. वर्ग बंद पडला. इकडे स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका हवी होती आणि वाचनालयाच्या समितीचा डोळा त्या खोलीवर होता. वर्ग सुरू होत नसेल तर संगणक काढून खोली अभ्यासिकेला द्यायची, असे ठरले. सरांना सांगायचे काम माझ्यावर आले. ते म्हणाले, "द्या देऊन. ज्याचा स्वतःचाच हात चालत नाही, त्यानं काय शिकवावं?" मला फार वाईट वाटले. मी तसाच घरी आलो.

शोभाताईंना हे कळले तेव्हा त्या माझ्यावरच उखडल्या. पुढच्या गुरुवारी त्यांनी वर्गातल्या सगळ्यांना बोलावले आणि सरांना रिक्षात घालून आणले. खोली बघायला आलेले समितीचे दोन सदस्य दाराशीच थांबले. सर संगणकासमोर बसले. शोभाताईंनी माऊस उचलून फक्त डाव्या बाजूला ठेवला आणि त्या मागे सरकल्या. डाव्या हाताने माऊस चालवायचा तर त्याच्या कळांची अदलाबदल करावी लागते. ती सोय कुठे आहे हे सरांना ठाऊक होते, पण सवय नसलेला डावा हात ऐकत नव्हता. बाण पडद्यावर भरकटत होता. सरांच्या कपाळावर घाम आला. मला राहवले नाही, मी हात पुढे केला.

"साहेब, हात मागं," शोभाताई म्हणाल्या. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले होते. खोलीतल्या सगळ्यांचेच होते.

सरांनी मान न वळवता विचारले, "बिघडलं त?"

"बिघडलं त पुन्हा टाकू, सर. पेन ड्राइव्ह माह्या पर्समंदी हाय."

बराच वेळ लागला. कोणी पुढे झाले नाही. मग कळा बदलण्याच्या चौकटीत बरोबर खूण बसली आणि सर डाव्या हाताने मेनू उघडून हसले. हे पाहिल्यावर समितीने खोली वर्गालाच ठेवली आणि अभ्यासिकेसाठी वरच्या गच्चीवर शेड टाकून घ्यायचे ठरवले.

आता वर्ग शोभाताई घेतात. सर शेजारी बसून चुका काढतात आणि डाव्या हाताने मेनूतले शब्द मराठीत करतात. सर, तुम्हांला भरपूर आणि निरोगी आयुष्य लाभो, एवढेच आम्हां सर्वांचे मागणे आहे. गुरुवारी दुपारी खोली उघडी आहे. तुमचा माऊस डावीकडेच ठेवला आहे, आणि त्याला कोणी हात लावत नाही.