चेअरमनच्या घरचे उंदीर

अहिंसा आणि सहकार या दोन तत्त्वांवर नाना उभे आयुष्य जगले. पैकी अहिंसा गळ्यातल्या तुळशीमाळेबरोबर आली होती. सहकार आला तो सोसायटीचे गोदाम रिकामे झाल्यावर चेअरमनपदासाठी दुसऱ्या कोणी अर्जच भरला नाही म्हणून. गोदाम रिकामे कसे झाले, हे आधीच्या चेअरमननी भर सभेत सांगितले होते. ज्वारी उंदरांनी खाल्ली, आणि युरियाही उंदरांनीच खाल्ला. तेव्हापासून नेकनूरकडच्या आमच्या गावात कुणाचे काही नाहीसे झाले की लोक ‘उंदरानं खाल्लं’ म्हणून हसायचे.

नाना आमच्या समोर राहायचे. ते दुष्काळाचे वर्ष होते. दिवाळी झाली तशी गल्ली कोयते, भांडी, पोरेबाळे घेऊन उसाला, तोडणीला गेली. जाताना ज्याने त्याने मृगात पेरायचे बी नानांकडे आणून ठेवले. कुलपे लागलेल्या घरांत उंदरांना काही उरले नाही. मग ते माळवदावरून माळवदावर करत, जिथे अजून चूल पेटत होती तिथे, म्हणजे नानांकडे गोळा झाले. थोडे आमच्याकडेही आले. पण आमच्याकडे बहुतेक पुस्तकेच होती, त्यांना त्यांनी फारसे तोंड लावले नाही.

नानांनी पिंजरा लावला. सापडलेला उंदीर ते ओढ्यापलीकडे, शेजारच्या गावाच्या शिवारात सोडून यायचे. धुतलेले धोतर, टोपी, हातात पिंजरा, आणि चाल जिल्ह्याच्या सभेला निघाल्यासारखी. एकदा मीही सोबत गेलो. पिंजऱ्याचे दार उघडून ते आतल्याला म्हणाले, “समदी गल्ली गेली उसाला, तुमी कावून थांबले बे?” उंदीर त्यांच्या आधी घरी पोचत असावा, असा माझा अंदाज होता. त्यांच्या बायकोची, काकूंची, तर खात्रीच होती.

“औषध आणा म्हणते मी,” काकू म्हणाल्या.

“माळ हाय.”

“ती तुमच्या गळ्यात. माज्या न्हाई.”

 पुढे संध्याकाळी काकू पिठात औषध कालवायला बसल्या की नाना पारावर जाऊन बसायचे. सकाळी काकू मेलेले उंदीर टोपलीत भरून उकिरड्याकडे न्यायच्या, तेव्हा नाना आंघोळीला असायचे. टँकरच्या पाण्याची दोन तांब्यांची आंघोळ ती, पण काकू परत येईपर्यंत पुरायची. सहकाराविषयी मी पुस्तकांतून पुष्कळ वाचले आहे. चालताना पाहिला तो एवढाच.

उंदीर संपले. पण तोवर शेजारच्या भानुदासचे तुरीचे पोते खालून कुरतडून त्यांनी रिकामे केले होते. तळाला बियाला चोळलेली राख तेवढी राहिली. नाना ते पोते मांडीवर घेऊन बसले.

“उंदीर होते हे आम्ही पाहिलंय की, नाना,” मी म्हणालो.

“तू पाह्यलं. गल्ली उसात हाय. आन मी चेअरमन हाय.”

मग ते उठले आणि स्वतःच्या बियाण्याची कणगी मोकळी करायला लागले. काकूंनी पोत्याला खालून टाके घातले आणि वरून तोंड धरले.

गुढीपाडव्याच्या सुमारास टोळ्या परतल्या. लोक येत, आपापले पोते उचलत आणि जात. भानुदासने मात्र पोत्यात हात घातला, मूठभर दाणे काढले आणि राख फुंकली.

“नाना, माजी तूर लाल व्हती. ही पांढरी हाय.”

“ठिवून ठिवून उडाला आसंल रंग.”

भानुदासने पोते आडवे केले. खालचे टाके ताज्या सुतळीचे होते. त्यांच्यावरून बोट फिरवत तो म्हणाला, “उंदरानं खाल्ली म्हणायचं की.”

“म्हणायची सोय मागच्यानं ठिवलीय का? कोण आयकून घेतंय बे?”

“तुमचं आयकलं आसतं,” भानुदास म्हणाला, आणि पोते खांद्यावर टाकून निघाला. नानांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. तिच्यावर धूळ नव्हती.

त्या वर्षी नानांच्या रानात तूर नव्हती. भानुदासच्या रानात पांढरी होती. त्याच्याकडून ती बघता बघता सगळ्या गल्लीत गेली. नानांना जाऊन आता बरीच वर्षे झाली, पण तूर आमच्याकडे अजून पांढरीच पेरतात.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. सोसायटीत खताच्या गाड्या यायला लागल्या, आणि चेअरमनपदासाठी दोन पॅनेल उभी राहिली. निवडणूक दिवाळीनंतर लागली. नानांना मत देणारी गल्ली तेव्हा उसात होती. नाना पडले. नव्या चेअरमनच्या पहिल्याच वर्षी गोदामातल्या उंदरांनी पुन्हा युरिया खाल्ला.