रंजिताच्या अंगाचं मीठ

वीसेक वर्षांपूर्वी वरंधच्या डोंगरावरच्या धनगरवाड्यात चिमाबाईची पोर रंजिता शेळ्यांची लाडकी. गोठ्याच्या तोंडाशी बसली की शेळ्या तिला घेरायच्या, कपाळ चाटायच्या, तळहात चाटायच्या. पोर खिदळायची आणि खिदळता खिदळता खोकत सुटायची.

"मुक्या जितराबाचा लळा हाय पोरीवर," तिचा बाप महादू कौतुकानं म्हणायचा.

पोरीचा मुका घेतला की ओठ खारट होत, हे चिमाबाईला बाळंतपणापासून ठाऊक होतं. गोठ्यात मिठाचा खडा ठेवायचं काम तिचंच. शेळी कशाला भुलते हे तिला दुसऱ्यानं सांगायला नको. रंजिताचा घाम वाळला की कपाळावर पांढरी रेघ उमटायची.

"हिच्या अंगात मीठ मावंना झालंय," तिनं एक दिवस ताडलं. "त्यानंच छाती भरते. आजपासनं हिची भाकर-आमटी आळणी."

"आये, घास उतरत नाय गो."

"उतरंल. शेळ्याबी चाटायच्या नाय मग तुला."

पोर गोठ्यातला खडा चोरून चाटू लागली. चिमाबाईनं तिला एक धपाटा घातला आणि खडा तिचा हात पोचणार नाही असा वर बांधला.

वैशाखात महाडच्या बाजाराला जाताना पोर घाट उतरतानाच गळाठली. डोळे खोल गेले, हाकेला ओ नाही. महाडच्या दवाखान्यात बाटली लावली, तशी पोरीनं डोळे उघडले.

"काय औषीद हाय ह्यात?" चिमाबाईनं नर्सला विचारलं.

"मिठाचं पाणी आहे, मावशी."

चिमाबाई भिंतीला टेकून खाली बसली.

तिथून मुंबईला धाडलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी मीठ का तोडलंत?"

"मलाच वाटलं, जास्त झालंय."

"जास्त नाही. घामातून वाहून जातंय. शरीरातल्या पेशींना मिठासाठी बारीक दारं असतात. ती आत तयार होतात आणि मग पेशीच्या भिंतीपर्यंत न्यावी लागतात. हिच्या दाराला एक घडी चुकीची पडते. पेशीच्या आतली तपासणी ते दार अडवते, भिंतीपर्यंत जाऊच देत नाही."

"मागारी धाडते?"

"नाही. तिथंच मोडून टाकते. म्हणून घाम खारट आणि छातीतला कफ गोंदासारखा."

"लंगडी शेळीबी दूध देते, बाई. दार वाकडं असलं म्हनून काय झालं?"

"पोचलं असतं तर थोडं चाललंही असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोचवणारं औषध अजून निघालेलं नाही. शोधतायत."

"कदी निघंल?"

त्यांनी रंजिताच्या केसांवरून हात फिरवला.

घरी आल्यावर चिमाबाईनं खडा सोडून पोरीच्या उशाशी ठेवला. भाकरीत मीठ, ताकात मीठ. शिकवल्याप्रमाणे पाठीवर थापट्या मारून कफ सुटा करायची. पालथी पडलेली रंजिता विचारायची, "आये, दार पोचलं काय गो?"

"वाटंत हाय."

"लय लांबचं गो घर."

महादू महाडला गेला की औषध निघालं का ते दवाखान्यात विचारून यायचा. चिमाबाई उंबऱ्यात उभी. तो नुसती नकाराची मान हलवायचा. पुढं पुढं तिनं बघायचंही सोडलं. पोर सुकत गेली. शेळ्या आत शिरून तिचे पाय चाटायच्या आणि तिला पाय ओढून घ्यायचंही बळ उरलं नव्हतं.

थंडीच्या शेवटी रंजिता गेली.

तिची घोंगडी चिमाबाईनं धुतली नाही, वळचणीला टाकून ठेवली. एका दुपारी पाणी घेऊन आली तर करडी शेळी घोंगडीला लागलेली, शांतपणे चाटत होती. चिमाबाईनं हंडा तिथंच टाकला, शेळीला ढकललं, घोंगडी छातीशी धरली. मग एका कोपऱ्याला जीभ लावली. दुसऱ्या कोपऱ्याला लावली. सगळी घोंगडी फिरवून झाली, मीठ कुठंच लागलं नाही.

"चाटून नेलीस गो," ती शेळीला म्हणाली. "समदी नेलीस."