टाकीचा हवेचा स्क्रू

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू मी घट्ट आवळला आणि सोडायला विसरलो. एवढंच. पण त्यापायी महिनाभर मी एका सरळ माणसाला चोर ठरवत हिंडलो.

कंपनीतल्या माझ्या जुन्या जोडीदारानं नोकरी सोडून धरणावर मासेमारीसाठी होडी घेतली. होडीच्या मागं लावायची पेट्रोलची मोटर आम्ही दोघांत घेतली, तीही जुनी. म्हणून चिंचवडला स्कूटर दुरुस्त करणाऱ्या एका चाचांकडून ती साफसूफ करून घेतली. मोटरची पेट्रोलची सुटी टाकी माझ्या गाडीतून नेताना वास नको, म्हणून स्क्रू आवळला. मी चाकणला तपासणी विभागात केस पांढरे केलेला माणूस. आवळलेल्या प्रत्येक स्क्रूवर खिशातल्या मार्करनं पिवळी रेघ ओढतो. इथंही ओढली.

होडी दहा मिनिटं चालली आणि मोटर बंद. पेट्रोल कुणी काढलं की काय, म्हणून झाकण उघडून डोकावलो. पेट्रोल होतं. झाकण लावलं, दोरी ओढली, मोटर चालू. दहा मिनिटांनी पुन्हा बंद. पुन्हा डोकावलो, पुन्हा चालू.

माझ्या डोक्यात किडा वळवळला. "चाचांनी आतला पंप बदललाय," मी म्हणालो. "ओरिजिनल काढून डुप्लिकेट बसवला. मुद्दाम असा, की अधूनमधून बंद पडावी आणि आपण परत त्यांच्याकडंच जावं."

"चाचा तसलं न्हाई रं," जोडीदार म्हणाला.

"तसले दिसत नाहीत, तेच करतात."

पुढचे दोन शनिवार मी गॅरेजसमोरच्या टपरीवर चहा ढोसत पाळत ठेवली. चाचांनी मला पाहिलं, हसून आत बोलावलं, तेव्हा तर खात्रीच पटली. मनात पाप असल्याशिवाय कोण एवढं गोड वागतं? धरणावरच्या दोन होडीवाल्यांनाही मी सावध केलं. त्यांच्या मोटरी चाचांकडं जाणार होत्या, त्या जायच्या राहिल्या.

हे चाचांच्या कानावर गेलं. रविवारी दुकान बंद ठेवून ते थेट धरणावर हजर. ते दोघे होडीवालेही काठावर उभे.

"चालवा," चाचा होडीत बसत म्हणाले.

दहा मिनिटांनी मोटर बंद. टाकीपासून मोटरकडं जाणाऱ्या नळीवर रबरी फुगा असतो. तो चाचांनी चाचपला. आत ओढला जाऊन पार चपटा झाला होता. मग त्यांनी झाकण ढिलं केलं. सुस्स करून हवा आत शिरली आणि फुगा पुन्हा भरला.

"हवा आत जाईना, तर पेट्रोल बाहेर कसं येणार?" त्यांनी स्क्रूवर बोट ठेवलं. "ही पिवळी रेघ कुणाची?"

जोडीदार माझ्या खिशातल्या मार्करकडं बघत म्हणाला, "तपासून पास केलेला माल हाय, चाचा."

होडी काठाला लागेपर्यंत मी पाण्याकडं बघत होतो. उतरताना पुटपुटलो, "चाचा, जरा गैरसमज झाला."

"गैरसमज तुमचा झाला, काम माझं गेलं. आत्ता या दोघांना सांगा."

"काय सांगू?"

"सांगा, मिस्त्री चोर नाही, मीच बिनडोक आहे. आणि जरा मोठ्यानं."