मागच्या लेआउटकडे जाणारी वाट

यवतमाळच्या जुन्या वस्तीत आमच्या गल्लीत कुठूनही शिरता यायचं. देवळामागून, गिरणीच्या बोळातून, नाहीतर सरळ कुणाच्या अंगणातून. माझी मैत्रीण तशीच यायची, भाजी गॅसवर ठेवून. पुढे दोघींनी दारव्हा रोडला घरं बांधली. लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहती, वेगळे, पण घरं पाठीला पाठ करून. मधल्या तुरीच्या शेतातून पायवाट होती, तेवढी आम्हाला पुरे होती.

माझे यजमान गेले, त्याच वर्षी तिच्या लेआउटवाल्यांनी उंच भिंत घातली. मी त्यांच्या अध्यक्षांना भेटले.

"एक लहानसं फाटक ठेवा ना."

"ताई, फाटक ठेवलं की चोर आलेच समजा," ते म्हणाले. बोलले मात्र नम्रपणे.

आता तिच्याकडे जायचं म्हणजे मोठ्या रस्त्यावर यायचं, दुभाजक संपेपर्यंत पुढे जायचं आणि पलीकडून वळून परत यायचं. ऑटोवाला हसला, "काकू, इथूनच तं निघालो न आपण!" गुडघे दुखायला लागले तसं जाणं कमी झालं. संध्याकाळी दोघी आपापल्या गच्चीवर उभ्या राहून, एकमेकींकडे बघत फोनवर बोलायचो.

एका दुपारी तिनं फोन उचलला नाही. मी गच्चीवर गेले. ती मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाशी पडली होती. मी जिवाच्या आकांतानं हाका मारल्या. तिनं हात थोडासा हलवला. तिच्या शेजाऱ्यांपैकी कुणाचाच नंबर माझ्याकडे नव्हता. तशीच उन्हात निघाले. ऑटो मिळेना. शेवटी एका मुलीनं स्कूटीवर घेतलं. पोचले तेव्हा दार सताड उघडं आणि घरात कुणी नाही. चौकीदार म्हणाला, "शेजाऱ्याइनं आत्ताच दवाखान्यात नेलं त्याइले."

दवाखान्यात तिनं माझा हात धरला. "तू वरून हाका मारून राह्यली होती, ते आयकू येत होतं मले. म्हणून भेव नाही वाटलं."

खुब्याचं हाड मोडलं होतं. मुलगा तिला नागपूरला घेऊन गेला. फोन येतो, पण दोघींकडेही सांगण्यासारखं फारसं नसतं.

संध्याकाळी मी आमच्या लेआउटमध्येच फिरते; आता त्यालाही भिंत आहे. प्रत्येक रस्ता भिंतीशी संपतो, मग त्याच रस्त्यानं परत. जाताना भेटलेली माणसंच येताना पुन्हा समोर येतात. पहिल्यांदा हसतात. दुसऱ्यांदा काय करावं ते त्यांनाही कळत नाही, मलाही.