ढोरवाटेचा गुंता

आम्ही काही डोंगरवेडे मिळून एक संकेतस्थळ उभारतो आहोत. ट्रेकला गेलेल्याने मोबाइलने टिपलेली आपली वाट तिथे टाकायची, म्हणजे पुढच्या अनोळखी माणसाला ती नकाशावर दिसते. आलेल्या वाटा तपासून लावणे हे माझे काम.

काल सुलभाताईंची पहिली वाट आली. गावातल्या देवळापासून गडाच्या दरवाजापर्यंत छान रेघ, फक्त मध्येच लोकरीचा गुंता व्हावा तशी फिरलेली. मी बघत होते तेवढ्यात त्यांचाच फोन.

"अगं, त्या मधल्या गिरगोट्या पुसून टाक. ढोरवाटेला लागलो आम्ही. गुरं राहिली खाली चरत आणि आम्ही पोचलो थेट कड्यावर. लोक हसतील."

"हसू देत. मला तेच तर ठेवायचंय," मी म्हणाले.

गुरांच्या पायांनी मळलेली वाट खऱ्या वाटेपेक्षा रुंद आणि देखणी असते, म्हणून तर सगळे फसतात. बरोबर वाट कुणीही सांगतो. कुठे चुकलो ते मात्र घरी पोचेपर्यंत आपण विसरतो, निदान तसे दाखवतो. मग पुढचा माणूस त्याच कड्यावर जाऊन उभा राहतो, कदाचित धुक्यात.

हे ऐकून ताई म्हणाल्या, "बरं, ठेव. पण लाल खूण कर, आणि खाली माझं नाव घाल."

मी ती तशीच लावली. संध्याकाळपर्यंत ती बघून चौघांनी आपापल्या चुकलेल्या वाटा पाठवल्या. एकाने तर खाली लिहिले होते, "ताईंपेक्षा मी जास्त भरकटलोय, माझी वर लावा."